गादीवर पडलेल्या माणसाची नुकसानभरपाई

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा एका हाताचा नमस्कार. (दोन्ही हात जोडायला माझी काही हरकत नव्हती, पण उजव्या हाताचा अंगठा सध्या कुणाशीच जुळवून घ्यायला तयार नाही. त्याची हकीकत पुढे येतेच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढताना अजून कटकट वाजतो का? भाऊजींचा खोकला गेला, की तो आता घरचाच झाला? तुमच्याकडे सगळे खुशाल असतील अशी आशा करतो. आमच्याकडे मात्र खुशाली विचारायची ती एकाच माणसाची, असा सध्या नियम झालेला आहे, आणि तो माणूस मी नव्हे. अक्षर वेडंवाकडं दिसेल. पेन पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरून लिहितो आहे, तेव्हा सांभाळून घे.

अपघाताची बातमी तुझ्यापर्यंत पोचली असेलच. कोणत्या शब्दांत पोचली तेही मी इथं बसून सांगतो: ‘थोरल्या जावयाला गाडीनं उडवलं.’ बरोबर ना? अगं, पण त्याच गाडीनं, त्याच ठिकाणी, त्याच क्षणी धाकट्या जावयालाही उडवलं, हे तुला कुणी कळवलं का? नाही कळवलं. कळवणार कोण? बातमी पोचवणारे सगळे साडूभाऊंच्या उशाशी बसलेत. म्हणून मीच लिहायचं ठरवलं. मुख्य गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे तू मध्येच पत्र ठेवून दूध बघायला गेलीस तरी चालेल. माझा उजवा अंगठा मिटत नाही. अंगठा मिटत नाही म्हणून कात्री चालत नाही, आणि शिंप्याची कात्री चालली नाही तर दुकान कशावर चालणार? साडूभाऊंना पायाची नुकसानभरपाई मिळणार हे जवळपास ठरलेलं आहे. माझ्या अंगठ्याला मात्र दमडी मिळेल की नाही ते देवाला ठाऊक, कारण मी अपघातात गादीवर पडलो.

हसू नकोस. सगळे आधीच हसून झालेत. त्याचं असं झालं, सासूबाईंच्या पाठीसाठी नवी गादी घ्यायचं ठरलं. गाद्यांचं दुकान त्यांच्या घरासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. दुकानदार बिचारा म्हणत होता, उद्या सकाळी माणसाबरोबर पाठवून देतो. सरळ साधी गोष्ट. पण साडूभाऊ बरोबर होते ना! ते जागा दाखवणारे दलाल. कोंदट खोलीला हवेशीर म्हणायची त्यांच्या जिभेला सवय, त्यामुळे कोणत्याही कामाला ते ‘सोपं आहे’ म्हणतात. दुकानदाराला म्हणाले, दोन दोन जावई असताना हमाल कशाला? आता तूच सांग, हे वाक्य बोललं कोण? ते. आणि त्या वाक्याखाली चेंगरला कुणाचा अंगठा? जाऊ दे. मी कुणाला दोष देत नाही.

मग गादी गुंडाळली, दोरीनं आवळली, आणि पुढचं टोक कुणी धरायचं यावरून दुकानाच्या दारातच घोळ झाला. आमच्या घरचा हा पेच तुला ठाऊक आहे. वयानं मी मोठा, पण माझी बायको धाकटी. ते माझ्याहून लहान, पण त्यांची बायको थोरली, म्हणजे मानानं थोरले जावई ते. लग्न झाल्यापासून एकाही दारातून आम्ही दोघं सरळ आत गेलेलो नाही. ‘तुम्ही व्हा पुढे.’ ‘छे छे, वयाचा मान तुमचा.’ असं बराच वेळ चालतं, मागची माणसं ताटकळतात, आणि शेवटी सगळा मान घेऊन ते पुढे जातात नि मी मागून दार लावतो. (सासरच्या कुठल्याही समारंभाच्या फोटोत मी कुठं आहे ते शोधून बघ. कोपर दिसतं.) त्या दिवशीही तेच झालं. पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर, मागचं माझ्या. दोरीची सुटी टोकं मी अंगठ्याला दोन वेढे देऊन पक्की धरली, कारण मी हाती घेतलेलं काम नीट करणारा माणूस आहे.

एक गोष्ट मी कोर्टातही शपथेवर सांगेन आणि तुलाही सांगतो, चूक आमची नव्हती. चालणाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा लागलेला मी स्वतः पाहिला, मगच रस्त्यात पाऊल टाकलं, आणि टाकलं ते पांढऱ्या पट्ट्यांवरच. पण एकदा रस्त्यात उतरल्यावर मला गादीखेरीज काही दिसेना, आणि पुढून साडूभाऊंचे हुकूम सुरू झाले. डावीकडे घ्या, हळू, आता जरा उचला, अहो पाय उचला पाय. जसं काही गादी ते एकटेच वाहत होते आणि मी तिच्या शेपटाला लोंबकळत होतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मागून तोंडातल्या तोंडात बरंच काही म्हणून घेतलं (ते इथं लिहीत नाही, तू मोठी आहेस) आणि रस्त्याच्या मध्यावर, घ्या तुमची गादी न् घ्या तुमचा मान, असं मनात म्हणून दोरीला मागे एक सणसणीत हिसका दिला. साडूभाऊ एक पाऊल मागे कोलमडले. नेमकी त्याच वेळी कोपऱ्यावरून एक मोटार वळली आणि न थांबता आमच्यावर आली. त्यांच्या नडगीवर बंपर आदळला, गादीचं पुढचं टोक मोटारीत अडकलं, दोरी ताणली गेली, आणि माझा अंगठा जिकडे गेला तिकडे नाइलाजानं मीही गेलो. मग दोरी तुटली, गादी सुटून रस्त्यावर अंथरली गेली, आणि मी तिच्यावर उताणा.

मोटार चालवणारा निघाला दातांचा डॉक्टर. तो धावत खाली उतरला. साडूभाऊंनी बोंब ठोकण्यासाठी जबडा उघडलेलाच होता, तर त्या गृहस्थानं सवयीनं आधी आत डोकावून पाहिलं! एवढी गर्दी जमली, ताई, की माझ्या दुकानाच्या उद्घाटनालासुद्धा जमली नव्हती. सगळे साडूभाऊंभोवती. कुणी पाणी देतंय, कुणी वारा घालतंय, एक बाई तर चक्क रडायला लागल्या. मला कुणीतरी येता जाता विचारलं, तुम्हाला हो काय झालं? आता इथं माझं चुकलं असं साडूभाऊंच्या दाव्याच्या वकीलीणबाई म्हणतात. पण तो ओरडा ऐकून मला वाटलं, चारचौघांत एक जावई इतका आरडाओरडा करतोय, तर दुसऱ्यानं तरी घराण्याची अब्रू राखावी. म्हणून मी ताडकन सांगितलं, मला काही झालेलं नाही, आधी त्यांना बघा, त्यांना सोसत नाही. आणि ते इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं, की पोलिसानं ते लिहूनसुद्धा घेतलं. त्या वेळी अंगठा पार उलटा झाला होता. पण तो मी पाठीमागे धरला होता. वर कुणीतरी फोटो काढला. साडूभाऊ रक्तबंबाळ, आणि शेजारी मी कोऱ्या करकरीत गादीवर पाय पसरून. दात कळ दाबायला आवळले होते, पण फोटोत ते हसू दिसतं. तो फोटो आता खटल्याच्या कागदांत आहे. दातांचा डॉक्टर पोलिसांना म्हणाला, एकाला लागलं, दुसरे झोपले होते.

तेव्हापासून आमच्या घरात साडूभाऊंच्या कौतुकाला ऊत आला आहे. पाय दोन ठिकाणी मोडलाय हे मी मान्य करतो. मोडलेल्या पायाबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण त्या प्लॅस्टरचा थाट! येणारा जाणारा त्यावर सही करतो. माझ्या बायकोनं, म्हणजे तुझ्या भावजयीनं, त्यावर फूल काढलं. लग्नात तिनं माझ्या रुमालावरसुद्धा फूल काढलं नव्हतं. रोज दुपारी ती डबाभर सूप घेऊन जाते आणि त्यांना पेपर वाचून दाखवते. घरी मी अंगठा पुढे केला की म्हणते, गरम पाण्यात बुडवा. चाकाच्या खुर्चीतून निघाले की लोक वाट करून देतात. दातांचा डॉक्टर फळांची करंडी घेऊन आला आणि दात फुकट साफ करून द्यायचं कबूल करून गेला. माझ्याकडे तो आला नाही. सगळ्यात कहर म्हणजे ती गादी! जिच्यापायी हे रामायण झालं ती गादी झटकून, नवी खोळ घालून सासूबाईंनी कुणाला दिली असेल? बरोबर. स्वतः पाठ धरून जुन्या गादीवर झोपतात, आणि मी पाठीची चौकशी केली तर म्हणतात, माझं राहू द्या हो, त्यांना मऊ लागतं.

मीही अंगठ्याला चांगलं भलंमोठं बँडेज बांधून जाऊन बसलो. खोटं कशाला बोलू, जरा जास्तच मोठं बांधलं होतं. आलेल्या सगळ्यांनी एकच विचारलं, काय, सुई टोचली का? हे बघ, शिंप्याचं कुठलंही बोट दुखलं की सुईच टोचलेली असते. सुतार असतो तर हातोडी लागली म्हणाले असते. गाडी लागली असं म्हणायला माणसानं कोणता धंदा करावा? मी म्हटलं, अहो, मी त्याच अपघातात होतो. तर साडूभाऊंचे शेजारी म्हणाले, हो हो, गादीवर ना? आणि सगळी खोली हसली. तिथं माझा तोल गेला. मी म्हणालो, पायाचं काय एवढं, पाय सगळ्यांचेच मोडतात. साडूभाऊंनी पांघरूण प्लॅस्टरवर ओढून घेतलं. तेव्हापासून आमचा अबोला आहे. म्हणजे मी त्यांच्याशी अबोला धरलाय. त्यांना तो कळलाय की नाही कोण जाणे, त्यांच्याकडे पाहुणेच इतके!

आता वकीलीणबाईंचं सांगतो. माझं दुकान कोर्टासमोर आहे आणि या गावातले निम्मे काळे कोट माझ्या हातचे, हे तुला माहीत आहे. अपघातात सापडलेल्या पायी माणसांच्या केसेस घेणाऱ्या या बाई माझ्या गिऱ्हाईक. साडूभाऊंना त्यांचं नाव मी सुचवलं. मी! बाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरलेला आहे आणि तो मी अस्तरात कापूस घालून गेली कित्येक वर्षं झाकत आलोय, हे जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक. त्याच बाई परवा मला म्हणतात, तुमचे साडू किती मुद्देसूद बोलतात हो! माझ्या पोटात असं दुखलं, की इस्त्री तशीच कोटावर राहिली. (कोट दुसऱ्या वकिलाचा होता. त्यालाही नुकसानभरपाई द्यावी लागेल.)

तरी मी लाज गुंडाळून ठेवली आणि अंगठा त्यांच्यापुढे धरला. बाई हसल्या नाहीत, एवढं खरं. अंगठा नीट पाहिला, मग माझ्यावर अशा कडाडल्या की मला शाळा आठवली. त्याच दिवशी दवाखान्यात का गेला नाहीत? डॉक्टरचा कागद का नाही घेतला? मला काही झालं नाही हे पोलिसांना कुणी सांगायला सांगितलं होतं? रस्त्यावर गाडीनं धडक दिली तर माणसानं आपलं दुखणं आधी बघावं, शूरपणा घरी करावा. मी मान खाली घालून ऐकलं. मग त्या जरा निवळल्या. दावा माझाही करता येईल म्हणाल्या, कोर्टात तशी सोय आहे. पैसे नसतील तर वकीलसुद्धा फुकट मिळतो, आणि मोटारीच्या विम्यातून भरपाई निघते. पण विमा कंपनीचा वकील विचारणार, हा अंगठा कात्रीनं कशावरून नाही बिघडला? फोटोत तर मी मजेत पडलोय. तेव्हा अंगठा त्या वेळी दोरीत अडकला होता, हे सांगणारा कुणीतरी हवा. आणि तिथं गादीच्या दोन टोकांना माणसं होती दोनच.

म्हणजे मी आता त्यांच्या उशाशी जाऊन, सूप पिऊन होईपर्यंत स्टुलावर बसून, साडूभाऊ, माझ्या अंगठ्याकरता दोन शब्द बोला, असं म्हणायचं! नाही जमणार. दुकानाचं काय व्हायचं ते होवो. डॉक्टर म्हणतात, अंगठ्याचं ऑपरेशन लवकर केलं तर कात्री परत धरता येईल, नाहीतर नाही. त्याचा खर्च माझ्या आवाक्यातला नाही, तेव्हा भरपाई मिळाली तर ऑपरेशन, असा सगळा मामला आहे. पण मी जाणार नाही. त्यांना तरी कुठं काय दिसलं असणार? त्यांची पाठ होती माझ्याकडे. तू माझी काळजी करू नकोस. यायचीही तसदी घेऊ नकोस, गुडघा दुखत असताना प्रवास कशाला? मी अगदी मजेत आहे.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, ते चिकटवायचं राहिलं. बरंच झालं. आज वकीलीणबाई नव्या कोटाचं माप बघायला आल्या. डाव्या हातानं टाचण्या लावत होतो, उरलेल्या ओठांत धरल्या होत्या. बाई सहज म्हणाल्या, आता तुमचा दावा घालायला काही अडचण नाही, तुमच्या साडूंनी सगळं सांगितलंय. कधी? तर म्हणे पहिल्याच भेटीत, मी अबोला धरायच्या कितीतरी आधी! पायाच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी स्वतःच्या पायाआधी माझा अंगठा सांगितला होता. म्हणाले होते, माझ्या साडूंनी मागून ओढलं म्हणून मी वाचलो, गाडी अंगावरून जायची ती पायावर निभावली, आणि त्यात त्यांचा अंगठा गेला, दोरी अंगठ्यातून सोडवताना मी पडल्यापडल्या पाहिलंय. आधी त्यांचा दावा लिहा, मग माझा. बाईंना वाटलं होतं दावा मलाच नकोय, कारण पोलिसांच्या कागदात मला काही झालं नाही असं होतं. मी अंगठा दाखवायला गेलो तेव्हाच त्या हे सांगणार होत्या, पण म्हणाल्या, तुमच्या तोंडून साडूंबद्दल चांगला शब्द येईना, म्हणून तुम्हाला सांगू का, असं आधी त्यांना विचारून घेतलं. मला बरंच काही बोलायचं होतं. पण तोंडात टाचण्या होत्या.

ता. क. दुसरा. गेलो. मी कुणाचा फुकटचा उपकार ठेवून घेणारा माणूस नाही. दारात उभा राहूनच सांगितलं, हे बघा साडूभाऊ, मी तुम्हाला वाचवायला बिचवायला ओढलं नव्हतं. मला तुमचा राग आला होता, म्हणून हिसका दिला. आणि कोर्टात मी हेच सांगणार. तर ते शांतपणे म्हणाले, मला माहीत आहे. तुम्ही मागून जे जे म्हणत होता ते सगळं ऐकू येत होतं मला. मी गारच पडलो. सगळं? सगळं, म्हणाले, मधला एक शब्द नवा होता. मग म्हणाले, पण ओढलंत ना? मी आहे ना अजून? तुम्ही रागाचं सांगा, मी दोरीचं सांगतो, कोर्टाला दोन्ही कळू द्या. आणि माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी आणलेलं सूप त्यांनी अर्धं मला दिलं. (बेचव होतं. इतके दिवस उगाच जळत होतो.) ताई, पाय त्यांचा मोडला, फोटो त्यांचा चांगला आला, गादी त्यांना मिळाली, हे सगळं मी गिळलं. पण आता मनाचा मोठेपणाही त्यांनीच न्यावा? वयानं मोठा मी आहे! मी वाटेत घरी येईपर्यंत रडलो, आणि ते त्यांच्यावरच्या रागानं की कशानं ते अजून मला कळलेलं नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वर येऊ नकोस असं लिहिलंय ते वाचू नकोस. पुढच्या महिन्यात आमच्या दोघांच्या दाव्याची तारीख आहे, अंगठ्याचे डॉक्टर मला तिथं अंगठा हलवून दाखवायला लावणार आहेत. साडूभाऊंच्या बाजूनं सासूबाई, त्यांची बायको, माझी बायको, शेजारी, सगळा बाक भरणार. माझ्या बाजूनं कुणी नाही. गुडघा दुखत असला तरी ये. आणि आल्या आल्या त्यांच्या पायाकडे धावू नकोस. आधी माझा अंगठा हातात घे, सगळ्यांच्या देखत, आणि मोठ्यानं विचार, फार दुखतं का रे म्हणून.

फार दुखतं, ताई.